सीएचएम फाईल, लिनक्स आणि अण्णांचे शब्द

मंडळी, आज थोडं कॉम्प्युटरबद्दल. घाबरू नका. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला आणि शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. सत्तरी उलटल्यावर मला जे समजलं, ते तुम्हाला समजायला काहीच हरकत नाही.

सीएचएम नावाची एक फाईल असते. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये हा प्रकार आणला. विंडोजवर एफ-वन दाबलं की मदतीची खिडकी उघडायची, आठवतं? डाव्या हाताला प्रकरणांची यादी, उजव्या हाताला मजकूर आणि शब्द शोधायची सोय. त्या खिडकीमागे बहुतेक वेळा ही फाईल असायची. आत असतात साधी वेबपानंच. ती पानं, चित्रं, अनुक्रमणिका आणि शब्दसूची असं सगळं एकत्र करून, दाबून, एकाच फाईलीत बांधतात. गाठोडंच म्हणा ना!

मदतीसाठी निघालेला हा प्रकार लोक पुस्तकांसाठीही वापरू लागले. २००० नंतरच्या त्या वर्षांत आमच्या पलूसला इंटरनेट म्हणजे फोनची लाईन अडवून बसायचं, आणि एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. अशा वेळी नेटशिवाय उघडणारं, एका सीडीवर मावणारं आणि शब्द टाकला की पान काढून देणारं पुस्तक म्हणजे चैनच होती.

आमच्या अण्णांनी हे बरोबर हेरलं. अण्णा म्हणजे माझे सहकारी, इतिहास शिकवायचे, राहायला भिलवडीला. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पुढे आम्हा शिक्षकांनाही ते करावं लागलं. पन्नाशीत हातात माउस धरून आम्ही दोघं एका बाकावर बसलो. मी परीक्षेपुरता शिकलो, अण्णा कामापुरतं शिकले. काम कसलं? तर कृष्णाकाठच्या शेतीतले जुने शब्द गोळा करायचं. मोट गेली, तसे मोटेचे शब्दही चालले होते. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर, बैल उतरायचे ती धाव, पाणी पडायचं ते थारोळं. गुऱ्हाळावरची काहील, चुलाण, गुळव्या. खळ्यावरचा तिवडा. म्हाताऱ्या माणसांकडे सायकलवर जाऊन त्यांनी वह्या भरल्या. मग सांगलीला शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने त्या टाईप करून सीएचएम फाईल बांधून दिली. १२०० च्या आसपास शब्द. 'मोट' वर क्लिक केलं की नाडा, नाड्यावर क्लिक केलं की बैल... अण्णा लहान मुलासारखे दाखवत बसायचे.

पुढे अण्णा गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. राहिली ती माळ्यावरची सीडी. वहिनींनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या वह्या तर गेल्या. ही तेवढी राहिलीय. बघा, काय निघतंय का."

आता माझ्या डेस्कटॉपची गोष्ट. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि माझ्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालेना. पुण्याच्या नातवाने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. यंत्र झकास पळतं, पण अण्णांच्या फाईलवर डबल क्लिक केलं तर उलट मलाच विचारतं, ही कशाने उघडू? विंडोजमध्ये ही फाईल उघडणारा प्रोग्राम आधीपासून असतो, अजूनही आहे. लिनक्समध्ये तो आपण आणून बसवायचा असतो.

नातवाला फोन लावला. त्याने दोन रस्ते सांगितले. पहिला, वाचक बसवायचा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एक्ससीएचएम शोधायचं आणि इन्स्टॉल दाबायचं. पूर्वीच्या विंडोजसारखीच खिडकी उघडते, डावीकडे यादी आणि उजवीकडे मजकूर. दुसरा रस्ता, गाठोडं सोडायचं. सेव्हन-झिप नावाचं साधन झिप फाईल सोडवतं तशीच सीएचएमही सोडवतं. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची, की आतली सगळी पानं सुटी होऊन एका फोल्डरमध्ये मांडली जातात. मग ती फायरफॉक्समध्ये कुठेही, कुणालाही वाचता येतात.

एक सावधगिरी मात्र सांगतो. आपली किंवा माहितीतली फाईल असेल तरच उघडा. विंडोजमध्ये सीएचएमच्या आत प्रोग्रामचे तुकडे दडवून फसवणारेही असतात. म्हणूनच नेटवरून उतरवलेली सीएचएम तिथे पुष्कळदा कोरी दिसते. अनोळखी ईमेलमधून आलेली तर सरळ काढून टाका.

तर मी दोन्ही रस्त्यांनी गेलो. खिडकी उघडली, पण आत मराठी नाहीच! इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा, सगळा काला. क्षणभर वाटलं, सीडीसुद्धा गेली.

गेली नव्हती. ज्यांनी त्या काळात मराठी टाईप केलंय त्यांनी ओळखलं असेल. तेव्हा युनिकोड आपल्याकडे रुळलं नव्हतं. जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रं बसवायचे. फाँट असेल तर मराठी, नसेल तर काला. त्या विद्यार्थ्याचं भलं होवो, त्याने सीडीवर फाँटचीही फाईल ठेवली होती. ती इथेही बसली. सुटं केलेलं एक पान फायरफॉक्समध्ये पुन्हा उघडलं, आणि समोर अण्णा! शब्द होता 'इर्जिक'. खाली त्यांनी लिहिलं होतं, "एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जाणे. मजुरी नाही, जेवण." पुढचं काही मिनिटं मला वाचता आलं नाही.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद आहेत. कागद धड, शाई धड, पण घरात वाचणारा कुणी नाही. अक्षर शाबूत असून परकं झालेलं. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. अण्णांच्या फाईलीचं वीस वर्षांतच तसं व्हायला लागलं होतं. वह्या पाण्याने नेल्या हे दिसतं तरी. फाईल जागच्या जागी मुकी होते, ते कळतही नाही.

पण तिच्या नशिबाने माणसं चांगली भेटली. सीएचएमची आतली रचना मायक्रोसॉफ्टने सगळ्यांसाठी लिहून ठेवलेली नव्हती. कुठकुठल्या हौशी प्रोग्रामरनी फाईली उसवून उसवून ती शोधली आणि त्यावर बेतलेली साधनं फुकट वाटली. त्यांनी पलूस कधी ऐकलंही नसेल. त्यांच्या त्या खटपटीमुळे भिलवडीच्या मास्तरांचा सोंदूर मला सापडला.

आता काम राहिलंय ते मजकूर युनिकोडमध्ये आणायचं. बदलून देणारी साधनं आहेत, पण ती ऱ्हस्व वेलांटी आणि रफारापाशी अडखळतात. कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, उच्चारासारखी. रफाराचं याच्या उलट. मग 'गिरणी' ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. आयुष्यभर पोरांच्या वेलांट्या तपासल्या, आता यंत्राच्या तपासतोय! माझ्या डोळ्यांनी दिवसाला वीस शब्द होतात. त्यात 'सोंदूर' की 'सौंदर' असल्या शंका आल्या, की पूर्वी अण्णांना विचारलं असतं. आता शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारतो, तेही थोडेच उरलेत.

म्हणून विनंती अशी. एक तर आपापल्या घरातल्या जुन्या सीड्या या महिन्यातच लावून बघा. सीडीही कायमची नसते. त्यातलं जे उघडेल ते साध्या पानांत, युनिकोडमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. फाँटची फाईल दिसली तर तीही जपा.

आणि दुसरं, तुमच्यापैकी ज्यांना शुद्धलेखनाची आवड आहे त्यांनी प्रत्येकी पन्नास शब्द तपासायला घ्यावेत. मूळ पानाचं चित्र आणि बदललेला मजकूर, दोन्ही मी पाठवीन. सुगीला पलूसला या, वहिनींनाही बोलावू. मजुरी नाही, जेवण.