पाटी उतरविताना

२०२३ सालच्या मे महिन्यातील एका रविवारी पापडीच्या आमच्या दवाखान्यावरील पाटी आम्ही उभयतांनी मिळून उतरविली. पस्तीस वर्षे वसईचा पाऊस झेलून तिचे खिळे गंजले होते. शेजारचा सुतार मदतीस आला नसता, तर ते काम आमच्याने झाले नसते. आम्ही दोघेही दंतवैद्य. दवाखाना विकायचा म्हणजे नेमके काय विकायचे, हा प्रश्न त्यापूर्वी वर्षभर आम्हांस छळीत होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही कोठे अडखळलो, ते आज मोकळेपणाने सांगावेसे वाटते.

खरे तर हा दवाखाना आम्हीही विकतच घेतलेला. १९८८ साली मुंबईतील शिक्षण संपवून आम्ही गावी परतलो, तेव्हा येथील एक वृद्ध दंतवैद्य निवृत्त होऊ पाहत होते. बँकेचे कर्ज काढले. घरातल्या सोन्याच्या पाटल्या गहाण पडल्या. जागा पागडीची. त्या काळी पागडी घेणे कायद्यात बसत नव्हते, म्हणून तो व्यवहार पावतीवाचूनच झाला. हाती आली ती पायाने दाबून वर चढवायची खुर्ची, एक जुने क्ष-किरण यंत्र आणि रुग्णांच्या कार्डांनी भरलेले लाकडी कपाट. यादीच्या अखेरीस डॉक्टरसाहेबांनी ‘गुडविल’ असे लिहून त्यापुढे बरीच मोठी रक्कम मांडली होती. हे कशाचे पैसे, असे आम्ही भीत भीत विचारले. ते म्हणाले, “तीन महिने रोज सकाळी मी इथे येऊन बसेन. त्याचे.”

आणि ते खरोखरच बसले. येणाऱ्या प्रत्येकाला आमचे नाव सांगत. कोणाला इंजेक्शनची भीती आहे, कोणाचे रक्त लवकर थांबत नाही, कोणाकडून पैसे मागू नयेत, हे सारे त्यांनी आम्हांस हळूच कानात सांगितले. यातले काहीही कार्डावर लिहिलेले नव्हते.

वर्षे सरली. उकळत्या पाण्याच्या भांड्याच्या जागी ऑटोक्लेव्ह आला, फिल्म धुण्याऐवजी दाताचे चित्र संगणकावर दिसू लागले. मुले शिकली आणि आपापल्या वाटेने परदेशी गेली. २०२१ नंतर आमच्यापैकी एकाच्या उजव्या हाताला किंचित कंप जाणवू लागला. दाताच्या मुळाशी बारीक सुई फिरविणाऱ्या हाताला तेवढा कंपही परवडत नाही. थांबण्याची वेळ झाली होती.

दोन गिऱ्हाइके आली. पहिली एक मोठी साखळी कंपनी. तिने चांगली किंमत देऊ केली. तथापि डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलत राहतील, हेही तिच्या माणसाने सहजपणे सांगून टाकले. दुसरी जवळच्याच गावातील एक तरुण दंतवैद्य. लहानपणी तिच्या दुधाच्या दाढेत चांदी भरली होती, ती आमच्याच खुर्चीवर. तिच्या वडिलांनी कर्जासाठी वाडी तारण ठेवण्याची तयारी केली होती. पैसे थोडे कमी मिळत होते, तरी आम्ही तिलाच होकार दिला आणि आपल्या औदार्यावर मनोमन खूशही झालो.

आमची खरी परीक्षा त्यानंतर झाली. बोलणी चालू असता आम्ही तिला अभिमानाने सांगितले होते, “आपल्याकडे चार हजार कार्डे आहेत.” तिने नम्रपणे विचारले, “सर, यातली गेल्या दोन वर्षांत आलेली माणसे किती?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. त्या रात्री आम्ही कपाट उघडून बसलो. चार रात्री मोजणी चालली. कितीतरी कार्डांवरची माणसे देवाघरी गेली होती, कितीतरी वसई सोडून गेली होती, काही रेल्वे स्टेशनजवळच्या नव्या दवाखान्यांकडे वळली होती. दोन वर्षांत पायरी चढलेली माणसे निघाली सहाशे चाळीस.

त्या रात्री आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. खोटे आम्ही बोललो नव्हतो. कार्डे चार हजार होतीच. परंतु त्या आकड्यावर तिचे वडील वाडी गहाण टाकणार होते. १९८८ सालच्या त्या पाटल्या आम्हांस आठवल्या. सकाळी तिला बोलावून खरा आकडा सांगितला आणि गुडविलची रक्कम निम्म्याहून कमी केली. हाताच्या कंपामुळे वर्षभर मुळांची अवघड कामे आम्ही बाहेर पाठवीत होतो, त्यामुळे उत्पन्न घटले होते, तेही सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मॅडम, आता मला हिशेब कळतो.”

मग कागदपत्रे झाली. दवाखाना एकाकडून दुसऱ्याकडे जातो, पण १९४८च्या कायद्यानुसार झालेली दंतवैद्याची नोंदणी ज्याची त्याचीच राहते. क्ष-किरण यंत्राची अणुऊर्जा नियामक परिषदेकडील नोंद आणि जैववैद्यकीय कचऱ्याबाबतची प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता तिने आपल्या नावे नव्याने घेतली. पागडीचा व्यवहार १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने आता उजळ माथ्याने करता येतो; घरमालकांची संमती घेतली आणि सारी रक्कम धनादेशाने, पावतीसह फिरली. अकरा मुलांच्या दातांना तारा लावलेल्या होत्या. त्यांचे पैसे आम्ही आगाऊ घेतले होते आणि काम मात्र तिला पुरे करायचे होते. उरलेल्या कामाचा हिशेब करून तेवढी रक्कम किमतीतून वजा केली. हे राहून गेले असते, तर तिला कित्येक महिने फुकट राबावे लागले असते. दारावर सूचनाही लावली : ज्यांना आपले कार्ड दुसरीकडे न्यायचे असेल, त्यांनी खुशाल न्यावे.

पाटी बदलली तरी सहा महिने आम्ही रोज सकाळी जाऊन बसत होतो. निर्मळच्या एक आजी वर्षानुवर्षे सुकेळी घेऊन येत. नवी डॉक्टरीण पाहून त्या म्हणाल्या, “पोरगी गुणाची आहे, पण माझी दाढ तुम्हीच बघा.” कितीही समजावले तरी त्या ऐकेनात. आमच्यापैकी एकीची दाढही कित्येक दिवस ठणकत होती. मग आजींच्या देखत आम्हीच त्या खुर्चीवर आडवे झालो आणि तोंड उघडले. पस्तीस वर्षांत त्या छताकडे तसे प्रथमच पाहिले. एका कोपऱ्यात ओल आली होती. रुग्णांनी ती किती वर्षे पाहिली असेल, कोण जाणे!

इंजेक्शन दुखले नाही. काम आटोपून आम्ही उठलो, तेव्हा आजींनी सुकेळ्यांची पुडी आमच्या हातून काढून घेतली, ती त्या मुलीपुढे ठेवली आणि सावकाश खुर्चीवर जाऊन बसल्या.