स्की : फोडलेल्या लाकडाची गोष्ट

१/ बर्फाच्या उतारावरून वाऱ्याच्या वेगाने घसरत येणाऱ्या खेळाडूच्या पायांखालच्या दोन लांब पट्ट्यांना जग 'स्की' म्हणते. गुलमर्ग आणि औलीमुळे हा शब्द आपल्याही परिचयाचा झाला आहे. मात्र त्याच्या मुळाशी ना बर्फ आहे, ना वेग, ना खेळ. तिथे आहे केवळ फोडलेले लाकूड.

२/ प्राचीन नॉर्स भाषेत 'स्कीð' असा एक शब्द होता. शेवटचा वर्ण मराठीत नाही. तो साधारण मऊ 'द'सारखा उच्चारावा. अर्थ : उभे चिरलेले लाकूड. आजही नॉर्वेत सरपणाच्या फोडलेल्या तुकड्याला 'वेद्स्की' म्हणतात, आणि चिरलेल्या लाकडांच्या कुंपणाला 'स्कीगार'. शेत राखणारे, चूल पेटवणारे आणि बर्फावरून माणसाला वाहून नेणारे लाकूड एकाच नावाने ओळखले जाई.

३/ या शब्दाचे गोत्र थेट आपल्या दारापर्यंत येते. भाषाशास्त्रज्ञ ज्या आदिम धातूपासून तो व्युत्पन्न मानतात, त्याच धातूची संस्कृतातील संतती म्हणजे 'छिद्', अर्थात कापणे, तोडणे. छेद, छिद्र, विच्छेद हे आपले नित्याचे शब्द त्याच कुळातले. ग्रीक शाखेतून आलेल्या 'स्किझोफ्रेनिया'तही तोच दुभंगाचा अर्थ आहे. 'स्की' आणि 'छेद' या दूरदेशी नांदणाऱ्या बहिणीच म्हणायच्या.

४/ वस्तू मात्र शब्दाहूनही पुरातन. स्वीडनमधील काल्वत्रेस्क येथे १९२४ मध्ये दलदलीतून निघालेल्या स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. शिकार, सरपण, शेजारचे गाव, सारे काही बर्फापलीकडे असे. स्की हा तेव्हा छंद नव्हता. हिवाळ्यात जगण्याचे ते साधन होते.

५/ या साधनाला खेळाचे रूप देणाऱ्यांत अग्रगण्य नाव सोंद्रे नूरहाइम यांचे. जन्म १८२५, नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल या खेड्यात, कुळाच्या दरिद्री घरी. त्यांनी टाचेभोवतीही लवचीक पिळाची बांधणी घातली. पाय पक्का बसला, तसे वळणे आणि उडी मारणे स्वाधीन झाले. १८६८ मध्ये वयाच्या ४२व्या वर्षी ते ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, स्पर्धेत उतरले आणि नगरवासीयांना थक्क करून विजयी झाले.

६/ 'स्लालम' हा शब्दही याच टेलेमार्कचा. 'स्ला' म्हणजे उतार, 'लोम' म्हणजे माग. उतारावर उमटलेला माग, एवढाच त्याचा अर्थ.

७/ १८८८ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन यांनी पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्यांच्या ग्रंथाच्या नॉर्वेजियन नावातच 'स्की' होता. जर्मन अनुवादात मात्र त्या जागी 'हिमपादुका' अशा अर्थाचा शब्द योजावा लागला. पुढे मूळ शब्दच सर्वत्र रुळला. नॉर्वेत आणि जर्मनीत त्याचा उच्चार आजही 'शी' असा होतो. मराठी कानाला हसू येईल खरे, पण आपण उच्चारतो तो 'स्की' तिथल्या आजच्या उच्चाराहून वेगळा आहे.

८/ आणि नूरहाइम? कीर्तीने त्यांचे दारिद्र्य फिटले नाही. १८८४ मध्ये, साठीला टेकलेले असताना, ते कुटुंबासह अमेरिकेला गेले आणि अखेर नॉर्थ डकोटाच्या सपाट माळरानावर स्थिरावले. ज्याचे सारे कौशल्य उताराचे, त्याच्या वाट्याला उतारच नसलेली भूमी आली. १८९७ मध्ये ते तिथेच निवर्तले. कित्येक वर्षे त्यांच्या थडग्यावर नावाची खूणही नव्हती.

९/ १९५२ मध्ये हिवाळी ऑलिंपिक ओस्लोला भरले. त्या वेळी ज्योत ग्रीसहून आणली नाही. ती मोर्गेदाल येथे, नूरहाइम यांच्या जन्मघरातील चुलाणात चेतवली गेली, आणि तिथून स्कीवरून हातोहात ओस्लोकडे निघाली. चुलीतल्या फोडलेल्या लाकडापासून पायाखालच्या लाकडापर्यंत पसरलेला शब्दाचा सारा अर्थ त्या प्रवासात एकवटला होता. ज्या घराला आपला माणूस पोसता आला नाही, त्याच घराच्या चुलीकडे राष्ट्राला अग्नी मागायला यावे लागले.