चार बोटे

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक आहे. आजोबांच्या काळापासूनची. परवाना पिकाच्या राखणीचा. आधी आबांच्या नावावर होता, आता धाकट्या भावाच्या. भात पोटऱ्यात आले की डुकरे उतरतात, त्यांच्यासाठी ती. शिकारीचा शौक आमच्या घरात कुणालाच नव्हता. आबा 2012 साली गेले, शेताला सौर कुंपण आले आणि बंदूक फक्त निवडणुकीपुरती खाली उतरू लागली. आचारसंहिता लागली की जमा करायची, निकाल लागला की परत आणायची.

गेल्या दिवाळीत पुतण्याने ती साफ करायला काढली आणि निपलपाशी अडला. अशी बंदूक ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या मागच्या टोकाला, घोड्याच्या बरोबर खाली, बोटाच्या पेराहून लहान अशी एक पोलादी तोटी आट्यांवर बसवलेली असते. तिच्यावर तांब्याची टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते आणि तिची ठिणगी तोटीच्या बारीक भोकातून नळीतल्या दारूपर्यंत जाते. या तोटीला आमच्याकडे सगळे निपलच म्हणतात.

या युक्तीचे मूळ अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे जाते. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर भपका उडे आणि मग बार निघे. तेवढ्यात पाखरे सावध होत. त्यावर त्याने ठोक्याने पेटणारे मिश्रण वापरले आणि 1807 मध्ये त्याचे पेटंट घेतले. टोपी आणि निपल त्यानंतर आले. मी इतिहासाचा एम. ए. 1857 च्या एनफिल्ड बंदुकीची काडतुसे इतकी वर्षे शिकवत आलो, पण त्या बंदुकीलाही असेच निपल होते, हे एकाही मुलाला कधी सांगितले नाही. परीक्षेत ते विचारत नाहीत ना!

निपल अडकते ते क्षारांमुळे. टोपी आणि काळी दारू जळाली की मागे क्षार राहतात आणि ते हवेतली ओल ओढतात. आमच्याकडे ओलीला काय तोटा! हे क्षार नुसत्या तेलाने जात नाहीत, त्यांना गरम पाणीच लागते. बार काढल्यावर लगोलग धुतली नाही तर आट्यांत गंज धरतो आणि निपल व नळी एकजीव होतात.

पुतण्याने पकड लावली. ती घसरली आणि निपलचे कोपरे झिजले. (पकड हे हत्यार जुन्या वस्तूंच्या जवळपासही फिरकू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.) मग तो गॅसची बत्ती घेऊन आला. "काका, तापवलं की सुटतंय बघा." काडी ओढणार, एवढ्यात मला गज आठवला.

आबांची शिस्त कडक. बंदूक कुणाच्याही हातातून येवो, आधी गज आत घालायचा. गजावर त्यांनी चाकूने एक खाच पाडली होती. नळी रिकामी असली की ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी बसते. "थांब की जरा," मी म्हणालो. पुतण्याला तोंडासमोरून बाजूला घेतले आणि गज आत सोडला. खाच चार बोटे वर राहिली.

पुन्हा घातला. चारच बोटे.

भाऊ उंबऱ्यातच बसला. पुतण्याने बत्ती मुकाट्याने अंगणात नेऊन ठेवली. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. 2013 पासून विधानसभेच्या तीन आणि लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी ही बंदूक पोटात बार घेऊन गेली आणि तशीच परत येऊन खुंटीवर बसली. तिच्याखाली आम्ही पंक्ती मांडल्या, बारशी केली.

मी नळीत पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी भाऊ ती बेळगावला बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे घेऊन गेला. मीही सोबत होतो. चाचांनी पाण्यात भिजलेला बार गजाला लावलेल्या स्क्रूने ओढून काढला. काथ्याचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी काळा चिखल. "आता हिला हात लावायचा," ते म्हणाले.

निपल काढायला पुढे आठ दिवस गेले. सकाळ-संध्याकाळ आट्यांवर तेलाचे थेंब, आता नळीच्या आतूनही. नवव्या दिवशी नळी चामड्यात धरून शेगड्यात आवळली, डाग द्यायच्या तापल्या सळीचे टोक फक्त निपलला लावले आणि मापाला घासून घेतलेला पाना चढवला. आधी किंचित आवळले, मग सोडले. मला वाटले होते, मोडल्यासारखा आवाज येईल. नुसती कुई झाली. "गुरुजी, जोर नाही, सबूर लागते," म्हणून चाचांनी जुने निपल कागदात बांधून दिले आणि नवे बसवले.

घरी येऊन मी ते जुने निपल दिव्यासमोर धरले. उजेड पलीकडे येईना. भोक पूर्ण बुजलेले होते.

आई शेजारीच वाती वळत होती. तिला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जायच्या आधीच्या साली, कार्तिकात. डुकरं आलेली. दोनदा टोपी फुटली, बार काय उडाला नाही. भात सगळं तुडवून गेली. येऊन बसले ते पहाटेपर्यंत. मला म्हणाले, मास्तरला सांगू नको."

मास्तर म्हणजे मी. त्याच पावसाळ्यात आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि मी साऱ्या घरादेखत त्यांना म्हणालो होतो, आता तुमच्याच्याने बंदूक होणार नाही, ती देऊन टाका. ते काही बोलले नव्हते. त्या कार्तिकातल्या रात्रीनंतर बार उपसायला त्यांनी कुणाची मदत मागायची म्हटली, तर मला कळले असते.

भावाने बंदूक पुन्हा खुंट्यांवर चढवली. चढवण्याआधी त्याने गज आत घातला.

"बसली का खाच?" आईने वातीवरून नजर न उचलता विचारले.

"बसली," तो म्हणाला.