टाईल्सआडचं सागवान

देवणीतला आमचा वाडा बाहेरून पाहणाऱ्याला वाडा वाटतच नव्हता. समोर लोखंडी शटर, वर पत्रे, ढेलजेत गुळगुळीत टाईल्स, आत पीओपीचं छत. हे सगळं १९९३ नंतर टप्प्याटप्प्यानं चढत गेलं. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारीला भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली आणि सगळ्या टापूत माळवदाखाली निजायला कुणी धजेना. आजोबांनी वरची माती उतरवून पत्रे टाकले. त्या वेळी दुसरं काय करणार? पण त्या धास्तीत मातीबरोबर लाकूडही दोषी ठरलं, आणि ते मला कधीच पटलं नाही.

माणसं दगावली ती भिंतींनी आणि वजनानं. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे दोन पदर आरपार दगडानं बांधलेले नसत. हादऱ्यानं ते सुटले. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीवर माती पडत गेली होती, कुठंकुठं दीड-दोन फूट. अशा कितीतरी घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी खण उभे राहिले. भूकंपानंतर अभियंत्यांनी सांगितलेले उपायही तसेच होते: मातीचा थर कमी करा, खांब-तुळईला तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार दगड घाला. हे समजल्यावर वाडा उघडायचाच, असं मी ठरवलं.

उदगीरहून एक वयस्कर सुतारमामा आले. ढेलजेतल्या पहिल्या खांबाची टाईल त्यांनी पटाशीनं उचकटली, मागची सिमेंटची खपली काढली आणि आत काळंभोर सागवान दिसलं. माथ्यावरच्या हस्तांवर कमळाची पाकळी कोरलेली, तिच्या खाचेत अजून चुन्याचा पांढरा कण. मामांनी बोटाच्या पेरानं टकटक केली. “वर खणखणीत हाय, बापू. खाली बघा.” खाली पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली. सिमेंटच्या गिलाव्यानं खांबाला चहूबाजूंनी आवळलं होतं. जमिनीतली ओल वर चढायची, तिला बाहेर पडायला वाट नव्हती, मग वाळवीचं फावलं. ज्या गिलाव्याला घरात सगळे ‘पक्कं काम’ म्हणत, त्यानंच बुंधा खाल्ला होता.

तुळईला जॅक लावून भार उचलला. कुजका भाग कापला, जुन्या दरवाज्याचं सागवान तासून कुसू काढला, वरच्या लाकडाच्या भोकात बसवला, आणि खांब पुन्हा दगडी तळखड्यावर उभा केला. खिळा एकही नाही, दोन लाकडी खुंट्या फक्त. वरून जवसाचं तेल. भिंतींचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. पाणी कसं मारायचं, ते गवंड्याला मामांनीच सांगितलं. तो चुना पूर्ण वाळेपर्यंत घाई करू नका म्हणून मी सगळ्यांच्या मागं लागलो होतो.

पीओपी उतरवलं तेव्हा कडीपाट सलग निघाला. आई खाली उभी राहून बघत होती. “त्या कडीला तुझा पाळणा होता,” म्हणाली. कडी अजून आहे, धुरानं काळी.

जुनं जड माळवद परत घातलं नाही, घालूही नये. कडीपाटावर चार बोटं माती, वर पावसासाठी पत्रे, प्रत्येक खांबाला तिरके टेकू. साण्याच्या जागी पत्र्यात पारदर्शक तुकडा बसवला, त्यामुळं माजघरात पुन्हा उजेड येतो. मेमध्ये दुपारी पंख्याशिवाय बसता येतं, हे शेजाऱ्यांनीही येऊन पाहिलं.

अडचण आता वाटणीच्या भिंतीची आहे. मधला खांब तिनं निम्मा गिळलाय. अर्धा आमच्याकडं, अर्धा चुलतभावाकडं. त्याला स्लॅब टाकायचाय. परवा त्याला मामांसमोर बसवून खांबाचा बुंधा दाखवला. “सिमेंट तरी काढू, मग बघू,” एवढं तो म्हणालाय. दिवाळीनंतर मामा पुन्हा येणार आहेत.