शेवटच्या कुस्तीचा मक्ता

वडिलांच्या खांद्यावर बसून मी जी पहिली निकाली कुस्ती पाहिली, ती कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या अगदी वरच्या पायरीवरून. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली सिद्ध केलेल्या या मैदानाची बैठक अशा उताराची आहे की, शेवटच्या रांगेतील माणसालाही पुढच्याचे डोके आड येत नाही, आणि हौद्यातील लाल माती मल्लाच्या पाठीला लागली की नाही, हे त्याला पंचाइतकेच स्वच्छ दिसते. तिकीट काढूनच आम्ही आत जात असू, कधी फुकट गेलो नाही. परंतु तिकीट काढणाऱ्याला कुस्ती दिसलीच पाहिजे, ही जबाबदारी मैदान बांधणाऱ्याने आपल्या शिरावर घेतली होती, आणि ती दगडमातीत कायमची पक्की करून ठेवली होती.

हे सारे गेल्या फेब्रुवारीतील एका रात्री मला ज्या तीव्रतेने आठवले, तितक्या तीव्रतेने पूर्वी कधी आठवले नव्हते.

माझा मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त अमेरिकेतील आयोवा प्रांतात गेला आणि तेथेच स्थायिक झाला. त्या प्रांताचा आणि कुस्तीचा संबंध आपल्या कोल्हापूर-सांगलीसारखाच रक्तातला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांची पहिली राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा १९२८ साली तेथील एम्स गावी भरली, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्णपदक जिंकणारा डॅन गेबल हा त्याच मातीतला. अशा प्रांतात वाढलेली माझी नात शाळेत असतानाच मॅटवर उतरली, आणि पुढे तेथील एका लहान महाविद्यालयात गेल्यावर १२४ पौंडांच्या गटात त्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघातून लढू लागली. हे महाविद्यालय तेथील महाविद्यालयीन खेळांच्या ज्या तृतीय श्रेणीत मोडते, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची प्रथाच नाही. पहाटे पाचला उठून सराव, त्यानंतर रसायनशास्त्राचे वर्ग आणि रात्री ग्रंथालयात नोकरी, असा तिचा दिनक्रम आहे. मुलींनी कुस्ती खेळावी की नाही यावर आमच्या पिढीत पुष्कळ वाद झाले. ज्या दिवशी तिने टाकलेला दुहेरी पट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्या दिवशी माझ्यापुरता तो वाद निकालात निघाला.

तो पट मी पाहिला तो कोल्हापुरात, माझ्या माजघरात बसून. महाविद्यालयाच्या स्वतःच्या व्यायामशाळेतील लढती तेथील विद्यार्थीच चित्रित करीत आणि त्या जगात कोठेही विनामूल्य दिसत. एकच कॅमेरा, तोही लाकडी बाकांच्या वर कोठेतरी उभा केलेला. बाकांवरून कोणी चालत गेले की सारे चित्र थरथरे. निवेदन करणारा मुलगा आमचे आडनाव दर वेळी नव्या रीतीने उच्चारी, पण प्रत्येक वेळी ते उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबून प्रयत्न करी, आणि त्या थांबण्यातील आदर मला आडनावाच्या शुद्ध उच्चारापेक्षा अधिक वाटे. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तिची घरच्या मॅटवरची एकही लढत मी चुकवली नाही. मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने मुलींच्या कुस्तीला आपल्या ९१ व्या अजिंक्यपदाचा दर्जा दिल्याची वार्ता आली, त्या दिवशी आमच्या घरी पेढे आणले गेले.

मग फेब्रुवारीत तिच्या महाविद्यालयांच्या गटाची अजिंक्यपद स्पर्धा आली, आणि येथेच माझ्या तक्रारीला आरंभ होतो. वर्षभर जे विनामूल्य दिसत होते, ते वर्षाच्या सर्वांत मोठ्या दिवशी दिसेनासे झाले. कारण स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा हक्क गटाने एका खाजगी कंपनीला दिलेला होता. पैसे भरण्यास माझी हरकत नव्हती. फक्त त्या एका दिवसाचे तिकीट मी शोधीत होतो, आणि ते विक्रीस नव्हते. पानावर ठळक अक्षरांत महिन्याचा दर होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत वर्षाची संपूर्ण रक्कम एकदम आकारली जाईल असे नमूद होते. आपल्या चलनात ती सुमारे तेरा हजार रुपये होत होती. बँकेत जाऊन कार्डावरील परदेशी व्यवहार मी सुरू करून घेतले, आणि गुरुवारी ती रक्कम भरली. पावती तत्काळ आली.

शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे तेथील सकाळी दहाला, स्पर्धा सुरू व्हायची होती. दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षे नोकरी करून नाझर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या शिस्तीने मी नऊलाच सिद्ध होऊन बसलो. साडेनऊला पडद्यावर एक काळी चौकट उमटली आणि तीत एकच वाक्य होते, की हे प्रक्षेपण आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही. माझ्याकडून रक्कम स्वीकारताना त्यांना माझा प्रदेश अडला नव्हता.

मुलगा आणि सूनबाई चार तास मोटार चालवून स्पर्धेच्या ठिकाणी गेली होती. मुलाने आपल्या फोनवरून मला चित्र दाखवण्याचा प्रयत्न केला, पण दोनच मिनिटांत एका स्वयंसेविकेने येऊन, प्रेक्षकांना थेट चित्र पाठवण्याची मनाई आहे, असे नम्रपणे सांगितले. ती मुलगी आपले काम करीत होती, तिच्यावर माझा राग नाही. मुलाने चित्र बंद केले आणि फोन तसाच कानाशी धरून ठेवला, आणि तेथून पुढचे सुमारे सहा तास ती स्पर्धा मी कानांनी पाहिली.

पहिल्या दोन कुस्त्या नातीने जिंकल्या. अंतिम लढत आपल्याकडील पहाटे तीनला सुरू झाली. "आप्पा, जोड लागली," मुलगा हळू आवाजात सांगू लागला. लहानपणी माझ्याबरोबर मैदानात बसून शिकलेले शब्द, इतक्या वर्षांनी, त्याच्या तोंडून आपोआप येत होते. "एकेरी पट काढला तिनं. पाय सुटला. पुन्हा धरला... दोन गुण आपले. आता ती वर आलीय, घिस्सा द्यायला बघतेय. ही पालथी आहे, आप्पा, अजून पालथी आहे..." मध्येच सभागृहात गदारोळ उठे आणि त्याचा आवाज बुडून जाई, आणि तो गदारोळ आपल्या बाजूचा की दुसऱ्या, हे मला कळत नसे. सहा मिनिटांच्या त्या कुस्तीत माझी नात चार विरुद्ध सहा गुणांनी हरली.

थोड्या वेळाने तिनेच फोन घेतला. श्वास अजून स्थिरावला नव्हता. "आबा, बघितलंत ना?" एवढेच तिने विचारले.

"ऐकली, बाळ," मी म्हणालो. "सगळी ऐकली."

ती क्षणभर गप्प राहिली. त्या क्षणाची भरपाई कोणत्या कलमाखाली मागावी, हे मला अद्याप समजलेले नाही.

पुढचा पंधरवडा मी कंपनीशी पत्रव्यवहार केला. रक्कम परत करण्याची तरतूद करारात नाही, असे उत्तर आले. मी तो करार पहिल्या कलमापासून अखेरच्यापर्यंत वाचून काढला, आणि कायद्याच्या दृष्टीने ते खरे होते. म्हणून हा मक्ता मुळात कोठून निर्माण झाला याचा मी शोध घेऊ लागलो. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दाव्यात, सात विरुद्ध दोन अशा बहुमताने, महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरदर्शन प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेचे नियंत्रण रद्द केले. त्यानंतर विद्यापीठे आणि त्यांचे गट आपापले हक्क स्वतंत्रपणे विकू लागले. राष्ट्रीय संघटनेच्या हातीही पुष्कळ राहिले: २०२४ च्या जानेवारीत तिने ४० अजिंक्यपद स्पर्धांचे हक्क आठ वर्षांसाठी ९२ कोटी डॉलरांना ईएसपीएनला दिले. मोठ्या विद्यापीठांच्या या व्यवहाराचे अनुकरण करीत लहान महाविद्यालयांचे गटही मक्तेदार शोधू लागले, आणि ज्या मुलींच्या कुस्तीला प्रेक्षक म्हणून प्रायः आईबाप, आजीआजोबा आणि वसतिगृहातील मैत्रिणीच असतात, तिच्याही वाटेवर जकातनाका उभा राहिला.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. १९९३ च्या क्रिकेटमधील हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, आणि २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. आंतरजाल म्हणजे त्या लहरी नव्हेत, आणि एका लहान गटाची कुस्ती राष्ट्रीय महत्त्वाची नव्हे, हे मी जाणतो. परंतु महाविद्यालयीन खेळ शिक्षणाचे अंग म्हणून चालवला जातो, असे जर ती महाविद्यालये स्वतःच सांगतात, तर त्या शिक्षणाची परीक्षा ज्या दिवशी असते नेमक्या त्याच दिवसाचा इजारा देण्याचा अधिकार त्यांना नैतिकदृष्ट्या पोहोचतो काय, हा प्रश्न उरतोच.

पहिलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले, ते पैशांची जुळवाजुळव करीत. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरात घरोघरी सांगितली जाते. नोकरीत असताना गहाणखते मी शेकड्यांनी हाताळली, आणि प्रत्येक वेळी या एका गहाणाची मला आठवण होई. एक महाविद्यालय आपल्या पहिलवानासाठी स्वतःचे काय पणाला लावू शकते, हे ज्या गावाने पाहिले, त्या गावच्या माणसाला, महाविद्यालयांनी पहिलवानाचाच सर्वांत मोठा दिवस दुसऱ्याच्या हवाली करावा, हे पटणे कठीण आहे.

शेवटी मी नातीच्या महाविद्यालयाच्या क्रीडासंचालकांना पत्र लिहिले. परताव्याचा उल्लेख त्यात नाही. तीनच विनंत्या आहेत. पुढच्या वेळी हक्क देताना एका दिवसाचे तिकीट मिळण्याची अट करारात घालावी. जेथे प्रक्षेपण दिसणार नाही, तेथील माणसाकडून पैसे घेऊ नयेत. आणि प्रत्येक खेळाडूला घरच्या दोन माणसांसाठी, ती जगात कोठेही असोत, प्रवेशपत्र द्यावे. संचालकांचे उत्तर सौजन्याचे आले. गटाच्या पुढील बैठकीत माझे पत्र वाचून दाखवू, असे त्यांनी कळवले आहे.

नातीची अजून दोन वर्षे शिल्लक आहेत. परवा तिने विचारले, ती शेवटची कुस्ती सांगू का तुम्हाला, सुरुवातीपासून? मी होकार दिला. मग पडद्यावर तिने खोलीतील गादी जमिनीवर ओढली, मैत्रिणीला समोर उभे केले, आणि कोठे आपला हात निसटला ते थांबत थांबत, दोनदा करून दाखवले.