दार मुलांचे, खिडकी सर्वांची

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे निघालेले जहाज दक्षिणेला जाते. म्हणून उजव्या बाजूच्या खोलीतून सूर्यास्त दिसतो. परतीच्या प्रवासात हे उलटे होते. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला खोली निवडताना ही साधी गोष्ट फार उपयोगी पडते.

खरा पेच चौदा-सोळा वर्षांच्या मुलांचा. चौघांच्या एका खोलीत दोन शय्या भिंतीतून वा छतातून खाली उतरतात, न्हाणीघर मात्र एकच. त्यात मुले अवघडतात. दूरची स्वतंत्र खोली द्यावी, तर आईचा डोळा लागत नाही. आतून दाराने जोडलेल्या खोल्या उत्तम. पण त्या मोजक्याच असतात, लवकर मागाव्या लागतात.

आम्ही मधला मार्ग काढला. आमची खिडकीची खोली आणि तिच्या अगदी समोर मुलांची बिनखिडकीची, स्वस्त खोली. दोन्ही जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर. तेथे हेलकावे कमी जाणवतात. केवळ अल्पवयीनांच्या नावे खोली सहसा देत नाहीत. म्हणून नियम आधी विचारून एका खोलीवर माझे, दुसरीवर पत्नीचे नाव घातले.

बिनखिडकीच्या खोलीत दिवस मावळलेला कळत नाही. त्यामुळे सायंकाळी मुले आपणहून आमच्या खिडकीशी आली. सूर्य बुडण्यापूर्वी चौघांनी पाणी घेतले, पच्चक्खाण केले, नवकार म्हटला. मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. ते ठोठावावे, असे आम्हांला वाटले नाही.