खाडीखाडीने जंजिऱ्यापर्यंत

भायखळ्याला जंजिरा परका नाही. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान फौज घेऊन शिवडीला उतरला, त्याने माझगाव घेतलं आणि मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. इंग्रजांनी औरंगजेबापुढे हात जोडले, दीड लाखाचा दंड कबूल केला, तेव्हा कुठे जून १६९० मध्ये तो परत गेला. जाताना माझगावच्या किल्ल्याची राखरांगोळी झाली. त्या जागी आता डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावर, भंडारवाड्याच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की खाली गोद्या, पलीकडे बंदर आणि दक्षिणेला धूसर होत गेलेला अलिबागचा किनारा दिसतो. याकूत खान ज्या किनाऱ्याने वर आला, तो किनारा सायकलवरून खाली उतरत जायचा, वाटेतला एकेक किल्ला पाहायचा, हा विचार त्या टेकडीवरच पक्का झाला. सोबत लालबागचा मित्र होता. दोघांकडे साध्या सायकली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बांधलेल्या पिशव्या, पंक्चर काढायचं सामान आणि पंप.

अशा सहलीचं वेळापत्रक तिथीवर बेतावं लागतं. किनाऱ्यावरचे लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. आम्ही माघ शुद्ध द्वादशी धरली. नऊची भरती म्हणजे रेवसच्या धक्क्याला पाणी भरपूर, लाँच चिखलात अडायची भीती नाही. आणि तीनची ओहोटी म्हणजे अलिबागला पोचल्यावर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येणार. पंचांग आणि सायकल यांची अशी सांगड जुळली की फार समाधान वाटतं.

राणीच्या बागेवरून पहाटे निघालो. माझगावातून भाऊच्या धक्क्याला पोचायला कितीसा वेळ लागतो! लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचं नाव मिरवणारा हा धक्का सकाळी मासळीच्या बाजाराने गजबजलेला असतो. बर्फाच्या गाड्या, ओल्या टोपल्या, लिलावाचा आरडाओरडा यांतून सायकली हाताने काढत लाँचपर्यंत नेल्या. मांडव्याला जाणारी रो-रो २०२० पासून सुरू आहे, तिच्यात सायकल नेणं जास्त सोपं. पण रेवसची लाँच आम्हाला हवी होती, कारण ती गावी जाणाऱ्यांची आहे. खलाशाने दोन्ही सायकली उचलून कठड्याला दोरीने आवळल्या आणि म्हणाला, "दादा, हँडल तेवढं धरून बसा." शेजारी एक आजी कोंबडीची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घारापुरी डावीकडे मागे पडली, करंजाचा डोंगर जवळ आला आणि धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी रेवस लागलं.

धक्क्यावरून गाव सोडलं की रस्ता मोकळा. भात कापून झालेल्या शेतांत वाल डोलत होता, मधे पांढऱ्या कांद्याचे वाफे होते. पोपटीचे दिवस होते. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आदल्या रात्रीच्या काळ्या राखेची वर्तुळं शेताशेतांत दिसत होती आणि भांबुर्डीचा उग्र वास अजून रेंगाळत होता. गाडीच्या काचेआडून हा वास येत नाही. सायकलच्या वेगाला माणूस वाटेवरच्या सगळ्या गोष्टींच्या टप्प्यात राहतो. लोक हाक मारतात, आपण थांबतो, बोलतो. किहीमच्या फाट्यावर सलीम अलींची आठवण निघाली. इथल्याच सुगरणींची घरटी त्यांनी महिनोन्‌महिने निरखली होती.

थळच्या किनाऱ्यावर उतरलो आणि समोर खांदेरी-उंदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाशीच ही दोन बेटं आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तट चढवायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही खवळले. लढाया झाल्या, गलबतं बुडाली, तरी काम थांबलं नाही. सिद्दीने मग शेजारची उंदेरी धरली. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे याचा मला मनापासून आनंद आहे. त्या यादीतल्या डोंगरी गडांचा दरारा लांबून दिसतो. खांदेरीचं महत्त्व मात्र थळच्या वाळूत उभं राहून मुंबईकडे मान वळवली, तरच कळतं.

अलिबागला तीनच्या आधी पोचलो. समुद्र मागे सरत होता. सायकली एका नारळवाल्या काकांकडे ठेवल्या आणि ओल्या, वळ्या पडलेल्या वाळूतून कुलाब्याकडे निघालो. महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलेला हा किल्ला संभाजीराजांनी पुरा केला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच कोकणचा समुद्र ताब्यात ठेवला. आत गोड्या पाण्याचं तळं आहे. रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, त्यात आजही पूजा होते. उत्तरेच्या तटावर चाकाच्या लोखंडी गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्या मराठेशाही संपल्यानंतरच्या. मला या किल्ल्यात सगळ्यांत मोलाचं वाटलं ते तटाचं बांधकाम. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक बसवलेले, सांध्यांत चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं आणि निथळून परत जातं. ज्यांनी हे रचलं त्यांनी समुद्राशी वर्षानुवर्षं बोलणी केली असणार. भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिलो. पाण्याची रेघ पुढे सरकू लागली तसे परतलो.

गावात कान्होजींची समाधी आहे, १७२९ सालची, ती पाहिली. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणं बिघडतील अशी धास्ती होती, त्यामुळे १९०४ मध्ये ती इथे हलवली. मुंबईच्या गलबल्यापासून दूर शांत जागा शोधत विज्ञानही याच किनाऱ्याला आलं!

आक्षीपासून रस्ता वाड्यांत शिरतो. नारळी-पोफळींची सावली, पाटाचं पाणी, दगडी गडगे. आक्षीचा शिलालेख रस्त्यालगतच आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा त्याचा काळ वाचला गेला आहे, आणि मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. शेजारच्या घरातली ताई बाहेर आली. "मुंबईहून सायकलवर? आधी पाणी प्या, मग वाचा काय ते." तांब्याभर पाणी आणि दोन चिक्कू देऊन तिने पैसे घ्यायला साफ नकार दिला.

नागाव, चौल. अरब प्रवासी अल मसूदी दहाव्या शतकात या चौलला आला होता, रशियन व्यापारी निकितीन १४६९ मध्ये इथेच उतरला. आज रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी आणि वाड्यांतली शांतता पाहून इथे बंदर होतं यावर विश्वास बसणार नाही. गाळाने खाडी भरली, व्यापार दुसरीकडे गेला. रेवदंड्याला रस्ता थेट पोर्तुगीज तटाच्या खिंडारातून आत जातो. आख्खं गाव किल्ल्यात वसलेलं आहे. एका वाडीतल्या घरी मुक्काम केला. सकाळी उकडीचे मोदक नाहीत म्हणून घरच्या काकूंना वाईट वाटत होतं, आणि आम्ही घावन-नारळाच्या रसावर तुटून पडलो होतो.

उजाडल्यावर सातखणी मनोऱ्यापाशी गेलो. पोर्तुगीज चर्चचा हा उरलेला बुरूज माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. तिथून कुंडलिका खाडीच्या पुलावर आलो आणि या सगळ्या प्रवासाचा अर्थ माझ्यापुरता उलगडला. अलीकडे रेवदंडा, पलीकडे कोर्लईची चिंचोळी डोंगरधार, मधे खाडीचं तोंड. दोन्ही किल्ले मिळून एक दरवाजा आहे. एकच पाहिला तर दरवाजाची एकच फळी पाहिली. मुंबई बंदराच्या तोंडावर खांदेरी, कुंडलिकेवर रेवदंडा-कोर्लई, राजपुरीच्या खाडीवर जंजिरा. देशावरचा माल, मीठ, लाकूड ज्या पाण्याने समुद्राला येई, ते पाणी ज्याच्या हातात त्याचं राज्य. मोटारीला खाडी म्हणजे मिनिटभराचा पूल. सायकलवाल्याला ती लांबून वासाने कळते, पुलाच्या चढावर छातीत भरते, वाऱ्याने हँडल वळवते.

कोर्लईवर दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढतात. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हा निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. माथ्यावरची वाट इतकी अरुंद की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी एकाच नजरेत येतात. एकामागे एक दरवाजे लागतात, पडकं चर्च लागतं. खाली कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली जिवंत आहे, बोलणारे हजाराच्या आतबाहेर. चर्चजवळ दोन बायका मासळी निवडताना आपसांत तीच बोलत होत्या आणि आमच्याशी लगेच मराठीत. तट ढासळले, तोफा गंजल्या. स्वयंपाकघरातली भाषा पावणेतीनशे वर्षं टिकली. तिची नोंद, तिच्यातली गाणी, मुलांच्या शाळेत तिला चार शब्दांची जागा, हे व्हायला हवं.

काशीदला गर्दी होती, थांबलो नाही. पुढचा घाट मात्र पायांची परीक्षा घेतो. फणसाडचं जंगल एका अंगाला, पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. उतारावर नांदगाव, मग मुरूड.

मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी तो भर समुद्रात उभारला. त्याच्या तटात खाऱ्या वाऱ्याने चिरे झिजून खोल गेलेत आणि मधला चुना तसाच पुढे आलेला आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला निघालो. अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही. दारावर पंजांत हत्ती पकडलेला पशू कोरलेला आहे. आत गोड्या पाण्याची तळी, पडके वाडे आणि कलालबांगडी तोफ. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून वाट बांधायला घेतली होती. होडीत बसून ते अंतर डोळ्यांनी मोजलं, खालच्या पाण्याची ओढ पाहिली, आणि त्या मोहिमेच्या धाडसाने अंगावर काटा आला. जंजिरा १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींकडेच राहिला.

या किनाऱ्यावर सागरी महामार्गाचे मोठे पूल व्हायचे आहेत. आजारी माणसाला वेळेत दवाखान्यात नेता यावं यासाठी ते हवेतच. आक्षी-चौलच्या वाड्यांमधला सावलीचा अरुंद रस्ता तेवढा रुंदीकरणातून वगळावा, बाहेरून वळसा द्यावा, असं मी भेटेल त्याला सांगत आलो. राजपुरीहून आम्ही आगरदांड्याकडे निघालो. तिथून दिघीला बोट जाते, सायकली घेते. पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, आणि सावित्रीच्या तोंडावर बाणकोटचा किल्ला.